सेट झालेले आणि सेटवरचे

मी सेट आहे. म्हणजे राज्य पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे. एका तालुक्याच्या गावी जनसंज्ञापन हा विषय मी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतो. चित्रपटनिर्मितीचा पेपरही माझ्याकडेच आहे आणि या नऊ वर्षांत मी एकदाही सेटवर गेलेलो नाही. सेट असणं आणि सेटवर असणं यांचा उच्चार सारखा होतो, एवढाच काय तो दोहोंचा संबंध. जो सेटवर आहे त्याला सेट व्हायला सवड नाही, जो सेट आहे त्याला सेटवर कुणी उभं करत नाही. मुलांनी मात्र दोन्हीकडचं शिकावं अशी वरपासून खालपर्यंत सगळ्यांना तळमळ लागलेली असते. परिपत्रकाच्या भाषेत या तळमळीला ‘सुवर्णसंधी’ म्हणतात.

अशीच एक सुवर्णसंधी गेल्या वर्षी आमच्या सूचनाफलकावर लागली. ‘चित्रपट व दूरचित्रवाणी क्षेत्रातील मान्यवरांशी थेट संवाद. उपस्थिती अनिवार्य. गैरहजर विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण कापले जातील.’ सोनं वाटायला बसलेल्या माणसाने दारात लाठी घेऊन का उभं राहावं, हा प्रश्न मला पडला. पण तासिका तत्त्वावरच्या माणसाने प्रश्न मे महिन्यासाठी राखून ठेवायचे असतात. मे महिन्यात आम्ही नोकरीत नसतो.

मान्यवर म्हणजे एका दैनंदिन मालिकेतले सासरे. मालिकेत ते बडे उद्योगपती, कुठल्याशा ‘ग्रुप ऑफ इंडस्ट्रीज’चे मालक, मुलगे तीन आणि सुना चार, कारण मधल्याने दोनदा लग्न केलंय. प्रत्यक्षात गृहस्थ अगदी साधे. तीस वर्षं रंगभूमीवर काढलेली, प्रायोगिक नाटकं केलेली. ती नाटकं आमच्या सभागृहात कुणी पाहिलेली नव्हती आणि सासरे मात्र सगळ्यांच्या स्वयंपाकघरात रोज साडेआठला येऊन बसत होते. नायिकेच्या घरी लग्न निघाल्यामुळे त्यांना एक दिवस सुट्टी होती. तेवढ्या सुट्टीवर आमच्या विभागाने झडप घातली.

कार्यक्रम अकराचा. सासरे एक वाजून दहा मिनिटांनी आले. कारण सुट्टी असली तरी सकाळी दोन सीनचं पॅचवर्क निघालं होतं. मग दीपप्रज्वलन. पंख्याने समई विझायची, म्हणून पंखे बंद केले आणि दोनशे मुलं घामाने निथळायला लागली. मग ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक आणि परिचय. परिचय करून देणाऱ्या प्राध्यापकांनी तो इंटरनेटवरून उतरवला होता आणि तो त्याच आडनावाच्या दुसऱ्याच नटाचा निघाला. सासऱ्यांनी स्वतःचे न केलेले सहा चित्रपट मान खाली घालून ऐकून घेतले. पाहुण्याला अभिनय येतो की नाही, याची त्या दिवशीची एकमेव परीक्षा ती होती आणि ते तीत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. मग शाल, श्रीफळ आणि हल्लीच्या रिवाजाप्रमाणे कुंडीतलं रोप. त्यानंतर प्राचार्यांचं मनोगत. कॉलेजात असताना गॅदरिंगमध्ये आपण शिवाजी महाराजांची भूमिका केली होती आणि दाढी मध्येच सुटली होती, हा प्रसंग त्यांनी साभिनय सांगितला. तो पंचवीस मिनिटं चालला.

पाहुण्यांच्या वाट्याला अठरा मिनिटं आली. त्यांनी माइक हातात घेतला, घाम पुसला आणि म्हणाले, “खरं सांगू का मुलांनो, हे कॉलेजात शिकता येत नाही. सेटवर या. सेट हीच शाळा.”

प्रचंड टाळ्या. मुलांनी वाजवल्या, विभागप्रमुखांनी वाजवल्या, प्राचार्यांनी तर उभं राहून वाजवल्या. आपल्याच दुकानात गिऱ्हाइकाला ‘इथे काही मिळत नाही, पलीकडे जा’ म्हणणाऱ्या माणसाचा शाल घालून सत्कार करणारी व्यापारी संस्था दुसरी दाखवा. मीही वाजवल्या. मला तासाला मिळतात त्या पैशांत टाळ्या धरलेल्या आहेत, असं मी समजून चालतो.

प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न आला, “सर, ते पत्र धाकट्या सुनेनेच जाळलं ना?” सासरे म्हणाले, “बाळा, ते अजून आम्हालाही माहीत नाही. पानं शूटिंगच्या दिवशी येतात.” मराठी मालिकांच्या पटकथालेखनावर मी नऊ वर्षांत जेवढं शिकवलं, ते सगळं या दोन वाक्यांत बसतं. मी आजूबाजूला पाहिलं. कुणीही लिहून घेतलं नाही. नंतर सेल्फी झाल्या आणि मग अधिकृत छायाचित्र. अधिकृत छायाचित्रावर अक्षांश-रेखांश यावे लागतात, नाहीतर नॅक, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी परिषद, ते धरत नाही. सासरे पृथ्वीच्या पाठीवर नेमक्या कुठल्या बिंदूवर उभे होते हे आमच्या दप्तरी कायमचं नोंदलं गेलं. ते काय बोलले ते नोंदायला अहवालात रकाना नव्हता.

आणखी एक गोष्ट नोंदली गेली नाही. सासऱ्यांबरोबर त्यांचे मेकअपदादा आले होते, कारण संध्याकाळी परत शूटिंगला जायचं होतं. ते शेवटच्या रांगेत पेटी मांडीवर घेऊन बसले होते. बार्शीची एक मुलगी, पुस्तकात नाक खुपसणारी आणि वर्गात सहसा न बोलणारी, कार्यक्रम संपल्यावर त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, “दादा, सरांचे कानशिलाजवळचे पांढरे केस सोमवारी जास्त आणि बुधवारी कमी का दिसतात?” दादा चपापले. मग हसले आणि कँटीनच्या बाकावर पेटी उघडून बसले. विगची जाळी कपाळावर कशी चिकटवतात, एचडी आल्यापासून तीच जाळी कशी दिसायला लागली, घामाने गोंद सुटतो तेव्हा काय करायचं, आणि सोमवार-बुधवारचा फरक म्हणजे दादा रजेवर असताना हाताखालच्या पोराने केलेला मेकअप, हे सगळं त्यांनी चाळीस मिनिटं सांगितलं. चहा त्यांनीच पाजला. शाल त्यांना नव्हती, त्यामुळे अहवालाच्या दृष्टीने ते आलेच नव्हते.

आता सासरे बोलले ते खोटं नव्हतं. आपल्याकडे हा धंदा शाळेत कधी सुरूच झाला नाही. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला गेले ते काही प्रवेशपरीक्षा देऊन नव्हे. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या कचेरीत सरळ जाऊन उभे राहिले. संपादकाने त्यांना सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे नेलं आणि हेपवर्थने आपला स्टुडिओ उघडून दाखवला. फाळके परत आले, कॅमेरा आला, आणि पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ ला, ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर होता. हेपवर्थच्या स्टुडिओत फाळके जे काही शिकले त्याला क्रेडिट किती द्यायचं, हे आमच्या परीक्षा विभागाला अजून ठरवता आलेलं नाही.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर कॅमेरा घरीच बनवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, धायबर आणि पडेल ते काम करणारा शांताराम नावाचा पोरगा, असे चौघे शिकले आणि १९२९ मध्ये बाहेर पडून, पेढीवाल्या सीतारामपंत कुलकर्ण्यांना बरोबर घेऊन, त्यांनी ‘प्रभात’ काढली. आजच्या भाषेत बोलायचं तर बाबूरावांच्या विभागाचं प्लेसमेंट शंभर टक्के होतं, मात्र कंपनीच रिकामी झाली. पुढे पुण्यातल्या त्याच प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट काढली. म्हणजे सेटचीच शाळा केली. तरी सेटवाले म्हणतातच, शाळेत काय शिकणार!

त्या इन्स्टिट्यूटमध्ये साठच्या दशकात ऋत्विक घटक थोडाच काळ शिकवायला होते. मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम ही त्यांची मुलं. शिकवणं असं की पुढे पन्नास वर्षं लोक त्याच्या कथा सांगत राहिले. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ आणले. पदवीची अट नाही, पण क्षेत्रातला किमान पंधरा वर्षांचा अनुभव हवा. तेव्हा मी सहज म्हणून घटकांचा अर्ज मनातल्या मनात भरून पाहिला. पहिला चित्रपट ‘नागरिक’. पूर्ण झाला १९५२ मध्ये आणि प्रदर्शित झाला १९७७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. अनुभव कुठल्या तारखेपासून धरायचा? आमच्या आस्थापना विभागातले कारकून म्हणाले असते, “साहेब, चित्रपट प्रदर्शित झाल्याचा दाखला जोडा.” घटक रागावून निघून गेले असते आणि आम्ही ‘पात्र उमेदवार प्राप्त झाला नाही’ असं कळवून मोकळे झालो असतो.

असो. ‘सेटवर या’ हे वाक्य आमच्या प्राचार्यांनी मनावर घेतलं, कारण नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे आमच्या अभ्यासक्रमातही ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलं होतं. चार क्रेडिट, एकशेवीस तास. सासऱ्यांनी शब्द टाकला आणि आमची दोन मुलं ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सेटवर रुजू झाली. एक ती बार्शीची, दुसरा एक मुलगा, ज्याला दिग्दर्शकच व्हायचं होतं आणि ज्याने त्यासाठी आधीच टोपी घेतली होती.

पहिल्या दिवशी सकाळी सातच्या शिफ्टला दोघं पोचले. कुणीतरी विचारलं, “कोण तुम्ही?” मुलगा म्हणाला, “सर, आम्ही जनसंज्ञापनाचे.” त्यावर “कोण बोलावलंय यांना?” असा प्रश्न एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात जात जनरेटर व्हॅनपर्यंत पोचला आणि तिथून काही परत आला नाही. मुलीने पहिल्या दिवशी लॉगबुकात लिहिलेलं मी जसंच्या तसं देतो: ‘फ्रेममध्ये उभं राहायचं नाही. फ्रेमच्या बाहेर ट्रॉली आहे, तिथेही उभं राहायचं नाही. खुर्चीवर बसायचं नाही, ती कुणाची तरी असते. काही विचारलं की दहा मिनिटं थांब म्हणतात. लाइट लागतोय.’ पुढच्या रकान्यात ‘आजचे अध्ययन निष्पन्न’ असं छापलेलं होतं. तिथे तिने लिहिलं होतं: ‘पोहे चांगले होते.’

मानधनाचं मी आधीच विचारलं होतं. पलीकडून उत्तर आलं, “सर, एक्स्पोजर मिळेल.” एक्स्पोजर प्रमाणाबाहेर झालं की चित्र पांढरंफटक पडतं, हे मी प्रथम वर्षाला शिकवतो. खिशाच्या बाबतीतही तसंच होतं हे मला अभ्यासक्रमात घालता आलेलं नाही. ठाण्यात राहायचं, खायचं, रिक्षाने जायचं; एक्स्पोजर रिक्षावाला घेत नाही.

टोपीवाला तिसऱ्या दिवशी परत आला. त्याचं म्हणणं असं की त्याला दिग्दर्शन शिकायचं होतं आणि त्यांनी त्याला नायिकेच्या छत्रीखाली उभं केलं. म्हणजे छत्री धरायला. “सर, शांताराम असे शिकले का?” असं त्याने मला तावातावाने विचारलं. मी म्हटलं, शांतारामांनी याहून हलकी कामं केली असतील, पण तू म्हणतोस त्यातही तथ्य आहे. बाबूराव पेंटर निदान त्याच आवारात दिसायचे तरी. तुझा दिग्दर्शक तुला दिसला का? तो म्हणाला, “तीन दिवसांत तीन वेगळे दिसले, सर. एपिसोड फार मागे पडलेत म्हणून दोन युनिट लावलीयेत.”

बार्शीची मात्र टिकली. तिचं नशीब असं की कंटिन्युइटी बघणारी असिस्टंट दुसऱ्या मालिकेत गेली आणि तिची वही कुणीतरी या पोरीच्या हातात कोंबली. तिथून पुढचं लॉगबुक मी दोनदा वाचलं. डाव्या हातात हिरव्या बांगड्या सहा, उजव्यात पाच, एक मागच्या एपिसोडात भांडणात फुटलीय. मंगळसूत्र पदराच्या वर. दुधाचा ग्लास अर्धा. सासऱ्यांचा चष्मा खिशात, काडी बाहेर. दारातून बाहेर पडल्याचा शॉट आज आणि अंगणात उतरल्याचा शॉट पुढच्या शुक्रवारी, तोवर केस असेच विस्कटलेले हवेत. विस्कटलेल्या केसांचे तिने चार बाजूंनी फोटो काढून ठेवले होते. पटकथेचे तीन अंक मी फळ्यावर आखून शिकवले होते. त्या वहीत अंक नव्हते, फक्त बांगड्या होत्या, पण त्या बांगड्यांवरून गोष्ट कुठून कुठे चाललीय ते कळत होतं.

दोन आठवड्यांनी एक प्रसंग झाला. हॉस्पिटलचा सीन. कॅमेरा लागला, “रोल साउंड” झालं आणि कोपऱ्यातून आवाज आला, “सर, काल सलाइन डाव्या हाताला होतं.” शांतता. “कोण बोललं?” सगळ्यांनी बाजूला सरून तिला उघडं पाडलं. दिग्दर्शकाने मॉनिटरवर कालचा शॉट मागवला. सलाइन डाव्याच हाताला होतं. तो काही बोलला नाही, फक्त म्हणाला, “हात बदला.” त्या दिवशी दुपारी स्पॉटदादाने तिला न मागता खुर्ची आणून दिली. तिला मिळालेली ही पहिली पदवी.

आता बाराबारा तासांच्या शिफ्टने एकशेवीस तास दहाच दिवसांत पुरे होतात. विद्यापीठाला हा हिशोब माहीत नव्हता आणि सेटवर कुणाला विद्यापीठच माहीत नव्हतं. त्यामुळे ‘तुझं ट्रेनिंग संपलं’ असं तिला कुणीच सांगितलं नाही. ती जातच राहिली. मधल्या काळात एका गुरुवारी टीआरपीचे आकडे आले, ते पडलेले होते, म्हणून रातोरात सासऱ्यांना अपघात घालून कोमात टाकलं. दुसऱ्या दिवशीची पानं मेकअपरूममध्ये व्हॉट्सॲपवर आली. सासरे शांतपणे म्हणाले, “बरं झालं. पाठांतर वाचलं.”

मग आली तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक माझ्यासारखेच सेट होते, म्हणजे त्यांनीही सेट पाहिलेला नव्हता. त्यांनी विचारलं, “थ्री पॉइंट लायटिंगची व्याख्या सांगा.” मुलगी म्हणाली, “सर, आमच्याकडे दोन कॅमेरे एकदम चालतात. प्रत्येक अँगलला लाइट बदलायला वेळ नसतो, म्हणून सगळीकडून सपाट लाइट मारतात. लाइटदादा म्हणतात, घरातलं कुणी मेलं तरी उजेड तेवढाच.” परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. तिला बी मिळाला. टोपीवाल्याने की, फिल आणि बॅक यांची व्याख्या आकृतीसह सांगितली. तिसऱ्या दिवशीच्या पुढचं लॉगबुक त्याने घरी बसून सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं आणि त्यात ‘अध्ययन निष्पन्न’ दररोज पाच ओळी होतं. त्याला ओ मिळाला. ओ म्हणजे आउटस्टँडिंग. एका अर्थी बरोबरच आहे, तो बराच काळ बाहेरच उभा होता.

राहता राहिला शिक्का. मूल्यमापनाच्या अर्जावर ‘इंडस्ट्री मेंटॉरची सही व संस्थेचा गोल शिक्का’ लागतो. सही कुणीतरी केली, लंचब्रेकमध्ये, अर्ज न वाचता. शिक्का मात्र सेटवर कुणाकडे नव्हता. तो ऑफिसात, ऑफिस अंधेरीला, आणि ऑफिसवाले म्हणाले, तुम्ही कोण? शेवटी आर्टवाल्या दादाला मुलीची दया आली. त्याच्या पेटीत शिक्क्यांची ददात नव्हती. तहसीलदाराचा होता, पोलीस ठाण्याचा होता, घटस्फोटाच्या प्रकरणात वापरलेला कोर्टाचाही होता. त्याने सगळे बाजूला सारले आणि त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणून सासऱ्यांच्या ग्रुप ऑफ इंडस्ट्रीजचा शिक्का अर्जावर मारून दिला. गोल होता. मध्ये गरुड होता.

आमच्या कार्यालयाने तो डोळ्यांत तेल घालून तपासला आणि खूश होऊन स्वीकारला. आजवर आमच्या फायलीत एकही शिक्का असा नव्हता ज्याच्यावर ठळक अक्षरांत ‘इंडस्ट्रीज’ लिहिलेलं आहे. विभागप्रमुखांनी ‘इंडस्ट्री-अकॅडेमिया लिंकेज’च्या फायलीत तो अर्ज पहिल्याच पानावर लावला, रंगीत झेरॉक्स काढून.

गेल्या महिन्यात नॅकची समिती आली. अध्यक्षांनी फाइल उघडली, गरुड पाहिला आणि प्रसन्न झाले. म्हणाले, “एवढ्या मोठ्या उद्योगसमूहाशी तुमचा संबंध आहे? छान. मालकांशी दोन मिनिटं बोलता येईल का? फीडबॅक घ्यायचाय.” प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी खिडकी लांब होती. मी सासऱ्यांचा नंबर लावला, स्पीकरवर ठेवला. बराच वेळ रिंग वाजली आणि मग दबक्या आवाजात बार्शीची बोलली.

“सर, मालक कोमात आहेत. पॅकअपनंतर करता का?”